पोरकी मोटार

मित्रांनो, ज्या कंपनीने मला घडवले ती कंपनी आज या जगात नाही. तिच्या नावाची पाटी केव्हाच उतरली, कारखाना पाडला गेला आणि त्या जागी आता सामानाची गोदामे उभी आहेत. मी मात्र अजून आहे. जवसाच्या फुलासारख्या निळ्या रंगाची, चार दरवाजांची हॉलबर्ट मोटार. माझ्या मडगार्डाला गंज चढतो, थंडीत मला खोकल्याची उबळ येते, पण किल्ली फिरवली की मी सुरू होते. हे ज्यांच्यामुळे घडले त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला स्वतःविषयी काही सांगताच येणार नाही.

हॉलबर्ट बंधूंनी सुरुवात केली ती बग्ग्यांपासून. थोरला लाकूड तासायचा, धाकटा चाकांवर लोखंडी धावा चढवायचा. घोड्यांचे दिवस सरले तेव्हा त्यांनी बग्गीच्या बैठकीखाली इंजिन बसवले आणि मोटारी करायला घेतल्या. त्या काळी अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात गल्लोगल्ली मोटारी बनत. बहुतेक कंपन्या चार दिवस चमकून बुडाल्या, हॉलबर्ट टिकले. त्यांच्या गाड्या सर्वांत वेगवान नव्हत्या की सर्वांत स्वस्तही नव्हत्या. पण लोक म्हणत, "हॉलबर्ट दारात आली की पोरगी लग्नाला येईपर्यंत बघायला नको."

माझा जन्म एकोणीसशे त्रेपन्नच्या वसंतात झाला. काझिमिर ग्रुष्का त्या कारखान्यात दरवाजे बसवायचा. कारखान्यापासून पायी जाता येईल अशा हॅमट्रॅमक गावात तो राहायचा. तिथे निम्म्याहून अधिक घरे पोलंडहून आलेल्यांची. सगळे त्याला काझ म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना दरवाजे बसवल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी गाडी नोंदवली होती, ती मीच.

मी सांगाड्याच्या रूपात कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाऊ लागले, तेव्हा माझ्या आधी माझी बातमी पुढे पोचली. "आज काझची गाडी येतेय रे!" मग काय विचारता! इंजिन बसवणारा लूथर प्रुइट प्रत्येक नट पिळून झाल्यावर पुन्हा एकदा पिळायचा. गाद्या शिवणाऱ्या योझेफाबाईंनी माझ्या बैठकीला दुहेरी टीप घातली. पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला काझचा जोडीदार बोलेक उभा असे. तो ओरडला, "काझ, तुझ्या बाजूचा दरवाजा वाकडा बसला तर कोणाला शिव्या देशील?" सगळे हसले. मुकादमाला हे सारे दिसत होते, पण त्याने त्या दिवशी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि घाई करा म्हणून एकदाही सांगितले नाही.

मित्रांनो, जन्मतःच इतक्या जणांचे लाड वाट्याला येणारी मोटार विरळाच.

पुढची तीन वर्षे सुखात गेली. रविवारी चर्चला जाणे, उन्हाळ्यात नदीतल्या बेटावर सहलीला जाणे आणि सणाला बे सिटीला जाणे, एवढीच माझी कामे. बे सिटीला काझची लेक रीटा राहायची. तिचा नवरा मोठ्या सरोवरांवर लोखंडाचे खनिज वाहणाऱ्या जहाजावर होता. काझ स्टिअरिंगच्या चाकामागे बसायचा आणि शेजारी त्याची बायको गेनोवेफा, म्हणजे गेनिया. चणीने लहान, आवाजाने मोठी. तिच्या मांडीवर नेहमी कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळलेल्या गरम सुरळ्यांचे भांडे असे. एखाद्या वळणावर रस्सा हिंदकळला की ती म्हणायची, "गाडी हाकतोयस की लोणी घुसळतोयस? आण इकडे, मी चालवते."

"तू?" काझ हसायचा. "तुझा पाय तरी पोचेल का खाली?"

"उशी घेऊन बसेन."

"उशी घेऊन माणसं झोपतात गं, गाडी नाही चालवत."

विषय तिथेच संपायचा. पण दर शनिवारी मला पुसून लख्ख करताना गेनिया माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर क्षणभर दोन्ही हात ठेवायची, हे काझला माहीत नव्हते.

मग कंपनीचे दिवस फिरले. मोठ्या कंपन्या दरवर्षी नवी रूपे काढत होत्या. हॉलबर्टना ते परवडेना. कारखान्यात कुजबुज सुरू झाली. काही जण वेळीच दुसरीकडे नोकरी शोधू लागले. बोलेकलाही शेजारच्या मोठ्या कारखान्यात जागा मिळत होती. काझने त्याला थांबवले. "अरे, बग्ग्यांपासून चाललेली कंपनी आहे ही. अशी कशी बुडेल? मी सांगतो ना, थांब." बोलेक थांबला. त्याच्यासारखे आणखीही थांबले.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप लागले.

त्या दिवशी काझ घरी आला, मला घरामागच्या गॅरेजमध्ये नेऊन उभे केले, माझ्यावर जुनी ताडपत्री टाकली आणि दार ओढून घेतले. पुन्हा त्याने मला हात लावला नाही. त्याला एका शाळेत झाडलोटीचे काम मिळाले, तिथे तो पायी जायचा. वाटेत बोलेक किंवा लूथर दिसला तर रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने चालायचा. सगळे जिथे जमायचे त्या गुत्त्यात जाणे त्याने सोडले. ज्यांना त्याने थांबवले होते त्यांच्या डोळ्यांत बघण्याचे त्याला धैर्य नव्हते.

ज्या मोटारीची कंपनी बुडते तिला आमच्याकडे पोरकी म्हणतात. तिचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत, तिला गिऱ्हाईक मिळत नाही. शेजारचा फेलिक्स नव्या गाडीतून उतरता उतरता कुंपणावरून विचारायचा, "काय काझ, पोरकं लेकरू अजून घरातच का? भंगारवाल्याला दे की."

काझ तोंड फिरवून आत जायचा. गेनिया मात्र खिडकीतून म्हणायची, "फेलिक्सभाऊ, तुमचे हप्ते फिटू द्या आधी, मग आमच्या लेकराची काळजी करा."

गॅरेजच्या अंधारात माझी चाके बसली. बॅटरी मेली. माझ्या मागच्या बैठकीत उंदरांनी संसार थाटला. मला राग आला नाही, खरे सांगते. बंद दाराच्या फटीतून मला काझ दिसायचा. अंगणात एकटाच बसलेला असायचा. त्याच्यावरही कुणीतरी ताडपत्री टाकल्यासारखे वाटायचे.

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात शाळेच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढताना काझ पाय घसरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून तो घरी बसला, तोच रीटाचा फोन आला. तिला दिवस गेले होते आणि नववा महिना भरत आला होता. नवरा हंगामाच्या शेवटच्या फेरीवर, जहाज डिसेंबरापर्यंत परतणार नव्हते. तिचे घर गावाबाहेर, बसच्या रस्त्यापासून लांब. रक्तदाब वाढला होता म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते, की एकटी राहू नकोस आणि दाराशी गाडी असल्याशिवाय राहूच नकोस.

हे सगळे मला कळले ते असे. एका सकाळी गॅरेजचे दार कुरकुरत उघडले आणि गेनियाने माझ्यावरची ताडपत्री खसकन ओढली. मागे काझ उभा होता.

"वेड लागलंय का तुला?" काझ म्हणाला. "दोन वर्षं ती हललेली नाही."

"मग हलवू."

"चालवणार कोण? माझा हात हा असा."

"मी."

"तू?"

"या वेळी हसून दाखव," गेनिया म्हणाली. काझ हसला नाही.

पण माझ्या पेट्रोलच्या पंपातला रबरी पडदा वाळून चिरला होता, ब्रेकच्या नळ्या तडकल्या होत्या. गेनियाने सगळ्या दुकानांत फोन केले. हॉलबर्टचे नाव ऐकताच पलीकडचे लोक हसायचे किंवा हळहळायचे. भाग कुणाकडेच नव्हते.

"बोलेकला विचारते," ती म्हणाली.

"नको." काझचा आवाज एकदम खाली गेला. "कुणालाही विचार, त्याला नको. माझ्या शब्दावर त्याने हातात येणारी चांगली नोकरी नाकारली. कुठल्या तोंडाने मागायचं?"

"तुझ्या तोंडाने नको मागूस. माझं आहे ना." आणि ती फोन करायला घरात गेली.

काझ माझ्यापाशीच थांबला. डाव्या हाताने तो माझ्या टपावरची धूळ पुसत राहिला, एकाच जागेवर, पुन्हा पुन्हा. तो घाबरला होता. कुणी आले नाही तर काय आणि कुणी आले तर काय, दोन्हींची त्याला भीती होती.

दुपारी गल्लीत बुटांचे आवाज आले. पुढे बोलेक होता. त्याचे केस पांढरे झाले होते. तो काझकडे न बघता सरळ माझ्याकडे आला, खाली वाकला आणि माझ्या चाकांकडे बघत म्हणाला, "काय हाल केलेस रे हिचे. लाज नाही वाटली?"

"वाटते," काझ म्हणाला. "हिची वाटते आणि तुझीही. बोलेक, मी तुला थांबवलं नसतं तर…"

"थांब, थांब." बोलेक उभा राहिला. "तू काय कंपनीचा मालक होतास? म्हणे मी थांबवलं! अरे, नव्या कारखान्यात पहाटेची पाळी होती. मला लवकर उठायचा कंटाळा म्हणून मी थांबलो. बायकोला मात्र तुझं नाव सांगितलं. दोन वर्षं ती तुला शिव्या देते आहे, आणि मी खाली मान घालून ऐकतोय. तोंड मी लपवायला हवं होतं, तू कशाला लपवत फिरतोस?"

बोलेकने काझच्या प्लॅस्टरवर टिचकी मारली. "दुखतं का?"

"दुखतं."

"बरं झालं. दोन वर्षांत एकदा तरी गुत्त्यात आला असतास तर पडला नसतास. पिऊन चालायची सवय असलेलं माणूस घसरत नाही." आणि मग दोघेही इतके हसले, की काझला हात धरून खाली बसावे लागले.

बोलेक एकटा आला नव्हता. फोनवरून फोन होत गेले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याभोवती माणसे गोळा झाली. लूथर प्रुइट मेणकापडात गुंडाळलेला कोरा करकरीत पंप घेऊन आला. कारखाना बंद होण्याच्या आठवड्यात त्याने तो स्वतःच्या हॉलबर्टसाठी विकत घेतला होता. "माझी गाडी गेली, पंप राहिला," तो म्हणाला. "घरातली बाई रोज म्हणते, तळघरातलं ते लोखंड टाका. आज तिला सांगतो, बघ, त्याचा मालक सापडला." ब्रेकच्या नळ्या कुणी आणल्या, बॅटरी कुणी आणली, मला सारे आठवतही नाही. योझेफाबाई आल्या त्या सुईदोरा घेऊनच. त्यांनी उंदरांना हाकलले, बैठकीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "टीप माझीच आहे. कुरतडलंय आजूबाजूचं, टीप नाही सुटली."

पुढचे दोन दिवस ते गॅरेज म्हणजे छोटा कारखानाच झाला. पट्टा नव्हता, भोंगा नव्हता. पण लूथर इंजिनावर, बोलेक दरवाजांवर आणि योझेफाबाई गाद्यांवर, प्रत्येक जण आपोआप आपापल्या जुन्या जागी उभा राहिला. काझ एका हाताने हत्यारे देत होता. गेनिया मोठ्या पातेल्यातून वाफाळते सूप वाढत होती आणि वाढता वाढता प्रत्येकाला विचारत होती, "हे डावं पेडल कशाचं? हे मधलं कशाचं?" दुसऱ्या दिवशी दुपारी लूथरने किल्ली फिरवली. मी खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि सुरू झाले. टोप्या वर उडाल्या. कुंपणापलीकडून फेलिक्स बघत होता. बोलेक त्याला म्हणाला, "काय बघता साहेब? लेकरू पोरकं आहे म्हणे! नीट मोजून घ्या, आई-बाप किती आहेत ते."

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते सांगायला माझ्यापाशी फक्त भोंगा आहे.

मग शिकवणी सुरू झाली. काझ चाकामागची डावी जागा सोडून उजवीकडच्या जागेवर आला, आणि गेनिया जाड उशी घेऊन माझ्या चाकामागे बसली.

"क्लच दाब."

"दाबला."

"आता सोड. हळू. हळू म्हणतोय ना मी!"

मी बेडकासारखी उडी मारून बंद पडले. असे कितीदा झाले ते विचारू नका.

"अगं, जीव घेशील तिचा!"

"तू असाच ओरडत राहिलास ना, तर मागे बसवीन बटाट्यांच्या पोत्याशेजारी. ती तर बिचारी काही बोलत नाहीये, मग तुझंच काय चाललंय?"

मी खरोखरच काही बोलत नव्हते. दर वेळी पेडल दाबण्याआधी ती ते बुटाने दोनदा चाचपायची. ती घाबरली आहे हे काझपेक्षा मला आधी कळले, आणि ती थांबणार नाही हेही. परवान्याच्या परीक्षेला आलेला पोलीस तिच्याहून जास्त घाबरला होता. परतल्यावर तो म्हणाला, "बाई, इतकं हळू कुणी चालवत नाही." ती म्हणाली, "मग तुम्ही पास करा, मी उद्यापासून जोरात चालवते." त्याने पास केले.

परवाना मिळताच आम्ही एका सकाळी बे सिटीला निघालो. फ्लिंट गाव मागे पडले आणि बर्फ पडू लागला. रस्ता हळूहळू पांढरा झाला. एका उतारावर पुढे मालाची मोठी गाडी आडवी झालेली दिसली आणि त्याच वेळी माझी मागची चाके सुटली. मी तिरपी होऊन सरकू लागले. काझचा डावा हात झटकन चाकाकडे आला आणि मध्येच थांबला. त्याने तो मागे घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर घट्ट दाबून धरला. गेनियाने ओठ घट्ट दाबून चाक सरकण्याच्या दिशेला वळवले, मग हळूच सरळ केले. माझ्या रबराला पुन्हा रस्ता सापडला. त्या मोठ्या गाडीच्या बाजूने आम्ही निघून गेलो.

उतार संपून सपाट रस्ता लागला.

"मला वाटलं तू ब्रेक मारशील," काझ शेवटी म्हणाला. "तिथे मारला असतास तर संपलं होतं. कुठे शिकलीस हे?"

"शिकले कसली," गेनिया म्हणाली. "भीतीने ब्रेक कुठला तेच आठवेना."

काझ हसत सुटला, इतका की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मग ते पाणी हसण्याचे राहिले नाही. त्याने खिशातून रुमाल काढला आणि काच पुसतो आहे असे दाखवत तो खिडकीकडे वळला. गेनिया समोरच बघत राहिली. "तोंड पूस नीट," ती म्हणाली, "लेकीसमोर असं जाऊ नकोस."

रीटा दारातच उभी होती. आई चाकामागून उतरताना बघून ती किंचाळलीच, "आई! तू?" गेनिया उशी काखेत धरून म्हणाली, "मीच. आणि आधी चहा टाक, पाय गोठलेत माझे." त्यानंतर चौथ्या सकाळी रीटाला कळा सुरू झाल्या. गुडघाभर बर्फ पडला होता. काझने एका हाताने फावडे धरून माझ्या पुढची वाट मोकळी केली, गेनियाने किल्ली फिरवली आणि मी, मित्रांनो, त्या दिवशी एकदाही खोकले नाही. इस्पितळात पोचल्यावर तासाभरात रीटाच्या लेकीचा, लूसीचा जन्म झाला. वेळेवर आणलंत, असे डॉक्टर म्हणाले. गेनियाने ते काझला दोनदा म्हणून दाखवले.

काझचा हात नव्या वर्षात बरा झाला. पहिल्या रविवारी तो किल्ली घेऊन माझ्या डाव्या दरवाजापाशी आला आणि थोडा वेळ थांबला. मग त्याने ती किल्ली गेनियाच्या हातावर ठेवली आणि वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. त्यानंतर त्याने माझे चाक कधी धरले नाही. चर्च झाल्यावर आम्ही बोलेकच्या दारावरून, लूथरच्या दारावरून जायचो. गेनिया भोंगा वाजवायची आणि काझ खिडकीची काच खाली करून गप्पा मारत बसायचा. मागे वाहने खोळंबायची, पण हॅमट्रॅमकमध्ये त्याचे कुणाला काही वाटत नसे.

आता त्या माणसांतले कुणी राहिले नाही. काझ गेला, बोलेक गेला. गेनिया खूप म्हातारी होईपर्यंत मला चालवत राहिली आणि गल्लीतल्या ज्या बायकांना कुठे जायला कुणी नेत नव्हते, त्यांना बाजारात, दवाखान्यात, माहेरी नेत राहिली. आता मी बे सिटीबाहेर लूसीच्या कोठारात असते. मागच्या उन्हाळ्यात माझा एक भाग तुटला. लूसीने जुन्या हॉलबर्ट जपणाऱ्यांना विचारत विचारत शोध घेतला, तर शेजारच्या ओहायो राज्यातल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने तो पाठवून दिला. किती वर्षे त्याने तो जपून ठेवला होता कोण जाणे!

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. तुमच्या घरी एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर कधीमधी तिची किल्ली फिरवा. उभे राहून राहूनच आम्ही मरतो. आणि ती सुरू झाली, की शेजारच्या घरात दिवसभर खिडकीशी बसलेले जे कुणी म्हातारे माणूस आहे, त्याच्या दाराशी तिला न्या. दार उघडून त्याला आत बसवा, त्याच्या पायांवर पांघरूण घाला आणि त्याला कुठे जायचे आहे, ते विचारा.